पहिलं पिठलं

तात्या कुणाच्याही दारात गेले की पाणी मागायच्या आधी एक प्रश्न विचारायचे. "तुमच्या घरात मयत झाली, तर पयलं पिठलं कुणाच्या घरनं येतं?"

भरल्या घरात, सकाळच्या पारी, काखेत फायलींची पिशवी आणि कानावर लाल-निळी पेन्सिल अशा थाटात आलेल्या नगरपालिकेच्या माणसानं हे विचारलं तर लोकांनी काय करावं? एका घरात बाळंतीण होती. तिच्या सासूनं तांब्याभर पाणी तात्यांच्या अंगावर फेकलं आणि वर "तुझ्याच घरात हू दी मयत" असं सुनावलं. तात्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "हू दी की. आमच्यात समोरच्या शेवंताकडनं येतंय. तुमचं सांगा." म्हातारीला हसू आवरेना. तिनं पुन्हा तांब्या भरून आणला, या वेळी प्यायला, आणि सांगितलं, "आमच्यात जनीकडनं. त्या कडंच्या घरातली." तात्यांनी पिशवीतून कागद काढून त्यावर दोन ठिपके जोडले आणि पुढच्या दाराकडे वळले. मी त्यांच्या मागे छत्री धरून उभी होते. नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता आणि हा माणूस वेडा आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जायच्या वाटेवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. गावाला नगरपालिका आहे, आणि पालिका म्हटली की निवडणुकीआधी प्रभाग पाडणं आलं. कुठल्या गल्लीनं कुठल्या प्रभागात मत द्यायचं याच्या हद्दी नकाशावर आखायच्या, लोकसंख्येचा मेळ घालायचा, आणि कुणी ना कुणी नाराज होणार हे धरून चालायचं. आमच्या पालिकेत हे काम वर्षानुवर्षं तात्यांकडे होतं. कागदोपत्री त्यांचं पद अनुरेखक, म्हणजे नकाशे गिरवणारा. गाव त्यांना 'हद्दीचे तात्या' म्हणायचं. मी पणदऱ्याची, बांधकाम विभागात नवी लागलेली, डिप्लोमावाली. मला त्यांच्या हाताखाली दिलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला संगणक शिकवायला मला पाठवलं असणार.

तात्यांनी पहिल्या दिवशी मला खुर्चीच दिली नाही. "आदी पाय, मग पेन्सिल," म्हणाले, आणि बाहेर काढलं. आठ दिवस आम्ही नुसते चालत होतो. कुठल्या बोळातून सायकल जाते, कुठल्या बोळातून तिरडी जाते, कुठल्या हापशावर कुठल्या घरच्या बाया येतात, हे सगळं ते एका मळकट वहीत टिपायचे. मी सँडल घालून गेले होते. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आले, तेव्हा माईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, खोबरेल तेल गरम करून लावलं आणि नवऱ्याला झाप झाप झापलं. "लोकाची लेक हाय, बैल न्हाय." तात्या म्हणाले, "बैलाला येवढं तेल मिळत न्हाय."

ऑफिसात परतल्यावरही ते लगेच रेघ ओढायचे नाहीत. मोठ्या नकाशावर टाचण्या टोचायचे आणि टाचण्यांना राखाडी दोरा गुंडाळून हद्द धरायचे. दोरा त्यांच्याच गल्लीतल्या रशीदभाई टेलरकडचा. रिळाच्या तळाशी उरलेला. तो दोरा नकाशावर चार-चार दिवस असायचा. तात्या येता-जाता त्याच्याकडे बघायचे, एखादी टाचणी उपटून दोन घरं पलीकडे लावायचे, पुन्हा लोकसंख्येची बेरीज करायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "तात्या, सरळ पेन्सिलनं ओढा ना, खोडता येते." ते म्हणाले, "रेघ वडली की पोरी, ती आपल्यालाच खरी वाटाय लागती. मग मानूस रेघ वाचवाय बघतो. दोऱ्याला सरकायची लाज न्हाय."

हट्टी मात्र भयंकर. एक नगरसेवक आपल्या चुलतभावाची सहा घरं स्वतःच्या प्रभागात ओढायला सांगत आले. साहेबांचा फोन होता, बरोबर पेढ्यांचा पुडा होता. तात्या नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणायचे नाहीत. "चला की," म्हणाले, "हद्द बघून यिऊ." वैशाखातलं ऊन, दुपारचे दोन. नगरसेवकांनी गाडीची किल्ली काढली तर तात्या म्हणाले, "गाडीतनं हद्द दिसत न्हाय." नाला, स्मशानाची भिंत, उर्दू शाळा, मग पुन्हा नाला. तिसऱ्या वळणावर नगरसेवकांच्या चपलेचा अंगठा तुटला. चौथ्यावर ते एका ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तात्या, तुमाला योग्य वाटंल तसं करा." पेढे आम्ही ऑफिसात वाटले, तात्यांनी एकही तोंडात घातला नाही.

पिठल्याचा प्रश्न कुठून आला हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. कालव्याच्या कडेला बाभळीखाली आम्ही भाकरी खात बसलो होतो. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. माणसं स्मशानातून परतली की शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. रशीदभाईंच्या घरातही तसंच. त्यांच्याकडेही दुःखात चूल बंद असते आणि शेजारचे ताट आणतात. कुठल्या घराला कुठून येतं हे ठरून गेलेलं असतं.

"पयल्या खेपंला मला ह्यातलं काय ठावं न्हवतं," तात्या म्हणाले. "साहेब म्हणलं, रस्ता हद्द धर. मी धरली. वरच्या आळीतली येक गल्ली मधनं कापली. हिकडची घरं येका वार्डात, तिकडची दुसऱ्या. विलेक्शन आलं. दोनी कडंला दोन उमेदवार, दोन झेंडं. पोरापोरात मारामारी झाली. तीन म्हैन्यानं त्या गल्लीतली येक म्हातारी गेली. मी मातीला गेल्तो. परत आलो, तर तिच्या घरातनं धूर."

"म्हणजे?"

"चूल पेटल्याली. समोरच्या घरचं पिठलं यायचं, ते आलं न्हाय. लेकरं भुकेली, सुनंनंच चूल पेटवली. रडत रडत भाकरी थापत हुती." तात्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मयताच्या घरात धूर, पोरी. त्यो मी काढला. सहा पैशाच्या पेन्सिलीनं."

त्यानंतर त्यांनी उरलेली भाकरी खाल्ली नाही, कालव्यात टाकली आणि मासे वर येतात का ते बघत बसले. ज्याला वेडा वेडा म्हणत होते त्या माणसाकडे मी त्या दिवसापासून नीट बघायला लागले.

तात्यांची स्वतःची गल्ली सात पावलं रुंद. एका बाजूला तात्यांचं घर, अगदी समोर शेवंताकाकूंचं. शेवंताकाकू म्हणजे नवऱ्याच्या माघारी घरच्या शेळ्या आणि एकुलता बाळू यांच्यावर सारखाच आवाज चढवणारी बाई. तिच्या पिठल्यातला लसूण नेहमी करपलेला असायचा, आणि माई तिला तोंडावर सांगायच्या, "शेवंते, तुझी फोडणी म्हंजे जाळपोळ हाय." रोज संध्याकाळी विरजणाची वाटी या घरातून त्या घरात जायची, कधी त्या घरातून या घरात. ती वाटी मुळात कुणाची होती हे दोघींनाही आठवत नव्हतं. तात्यांचा मुलगा दत्ता आणि बाळू एकाच बाकावर शिकले, एकाच मोटारसायकलवर गाव फिरले.

तात्या निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात ते एवढंच म्हणाले, "माज्याकडनं कुणाच्या दारातनं रेघ गेली आसंल तर माफी करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना टाचण्यांची पत्र्याची डबी आणि दोऱ्याचं रीळ त्यांनी पिशवीत टाकलं. "तुला काय करायचंय आता," मला म्हणाले, "तुज्याकडं कंप्यूटर हाय."

मधे बरीच वर्षं निवडणूक झाली नाही. पालिकेवर प्रशासक होता. रचना झाल्या, रद्द झाल्या. अखेर या खेपेला आदेश आला तेव्हा दिवस थोडे होते आणि हे काम माझ्याकडे आलं. मी मुख्याधिकाऱ्यांना म्हटलं, तात्यांना विचारू का? ते म्हणाले, "मॅडम, प्रारूप गोपनीय असतं. बाहेरचा माणूस कशाला?" बरोबरच होतं ते. पण मला कुणी माझे पाय वापरू नका असं सांगितलं नव्हतं. मी एसीच्या खोलीत बसले, उपग्रहाचं चित्र उघडलं, जनगणनेचे गट, म्हणजे एकत्र मोजलेल्या घरांचे तुकडे, त्यावर टाकले. दोन गटांची सीमा तात्यांच्या गल्लीतून जात होती. आदल्याच वर्षी त्या गल्लीचं काँक्रीट झालेलं; चित्रात ती पांढरीशुभ्र, रुंद, रस्त्यासारखी दिसत होती. मी रेघ ओढली. आकडा जुळला. आकडा जुळल्यावर जो आनंद होतो तो मला झाला, खोटं कशाला सांगू. ती गल्ली कुणाची हे मला कळलं नव्हतं असंही नाही. क्षणभर हात थांबला होता. पण ती हलवायची तर जनगणनेचा एक गट फोडावा लागणार, त्याचं लेखी कारण द्यावं लागणार, आणि पलीकडच्या तीन हद्दी पुन्हा आखाव्या लागणार होत्या. अहवालाच्या छापील नमुन्यात 'स्थळपाहणी केली' असं वाक्य असतं. त्याखाली मी सही केली.

प्रारूप प्रसिद्ध झालं, हरकती मागवल्या, आणि सुनावणीला पालिकेचं सभागृह गच्च भरलं. माजी नगरसेवक आपापल्या जुन्या खुर्च्यांवर जाऊन बसले, सवयीनं. वरून आलेले अधिकारी शांत होते, सगळ्यांचं ऐकून घेत होते. एक म्हणाला, माझा प्रभाग शेळीच्या शेपटासारखा लांबवलाय. दुसरा म्हणाला, नाला हद्द धरली तर मधेच नाला सोडून शाळेची भिंत का धरली, भिंतीपलीकडं कुणाचे पाहुणे राहतात ते सांगू का? तिसऱ्यानं टेबलावर मूठ आपटली. दोन तास हे चाललं. त्यात माणसांबद्दल कुणी बोललं नाही, सगळे मतांबद्दल बोलत होते. मग पुकारा झाला आणि तात्या उठले.

धोतर, धुतलेली टोपी, काखेत तीच पिशवी. त्यांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावर एक जुना ट्रेसिंग कागद पसरला. त्यांच्या गल्लीचा नकाशा. एका बाजूची घरं, दुसऱ्या बाजूची घरं, आणि मधून डिंकानं चिकटवलेले राखाडी दोरे.

"साहेब, ही आमची गल्ली. मी हितं ऱ्हायाला आल्यापास्नं जेवढी मयतं झाली, त्येवढे हे दोरे. कुनाच्या घरचं पयलं पिठलं कुनाच्या घरी गेलं त्ये. बगा, येकबी दोरा गल्लीच्या कडंला थांबत न्हाय. समदे वलांडून जात्यात. मॅपात ह्यो रस्ता दिसतो. पर ह्यो रस्ता न्हाय, आमचं आंगण हाय."

"अंगणातनं डंपर जातो व्हय तात्या?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. दुसरा म्हणाला, "तात्याला कुणी उभं केलंय ते बघा आधी." तात्यांनी वळून बघितलं. उभ्या आयुष्यात पेढाही न घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

अधिकाऱ्यांनी हशा थांबवला. ते बराच वेळ त्या दोऱ्यांकडे बघत होते. मग त्यांनी अहवाल उघडला आणि विचारलं, "स्थळपाहणी कुणी केली?" मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

"मॅडम, तुम्ही स्वतः त्या गल्लीत जाऊन पाहिलं? दोन वेगळ्या वस्त्या वाटल्या? तसं नसेल तर सांगा. अजून बदल करता येईल."

अजून बदल करता येईल, असं ते स्वच्छ म्हणाले. एक 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हणजे अहवालावरची सही खोटी, म्हणजे नोटीस, म्हणजे एवढ्या लोकांसमोर शोभा. मी म्हणाले, "हो सर. पाहणी केली आहे."

तात्या माझ्याकडे बघत होते. मी त्या गल्लीत गेले असते तर माईंच्या हातचा चहा घेतल्याशिवाय परत आले नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी धोक्यात होती आणि त्यांची गल्ली वाचत होती. ते कागदाची घडी घालायला लागले. दोरे मोडू नयेत म्हणून सावकाश.

"मॅडम म्हनत्यात तर केली आसंल," ते म्हणाले.

त्या दिवसापर्यंत तात्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

हरकत फेटाळली गेली. पंधरा दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकले नाही. सोळाव्या दिवशी गेले. ते ओसरीवर पडून होते. छातीचं दुखणं जुनंच होतं, ते वाढलं होतं. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. पायाशी बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "रेघ लई सरळ आलीया पोरी. हात चांगला हाय तुजा." याहून त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. मी आणखी रडायला लागले तेव्हा त्यांनी माईंना हाक मारून पत्र्याची डबी मागवली. टाचण्यांची. वर राखाडी रीळ.

"माज्याकडनं येकदा धूर निगाला," ते म्हणाले. "तुज्याकडनं निगू नये. फुडल्या खेपंला आदी पाय."

"आणि या खेपेचं काय तात्या?"

"आता विलेक्शन हाय. लोकं शानी आस्तील तर काय हुत न्हाय."

लोकं शहाणी असतात, पण निवडणुकीत नसतात. गल्लीच्या दोन कडांना दोन रंगांचे झेंडे लागले. दत्ता एकाच्या मागे फिरायला लागला, बाळू दुसऱ्याच्या. दोघांचे उमेदवार वेगळे असायचं काही कारण नव्हतं. प्रभागच वेगळे, म्हणून वेगळे. मग पाण्याच्या पाइपावरून जुंपली. एका उमेदवारानं आपल्या कडेला नवी लाइन कबूल केली, दुसऱ्यानं ती गल्ली खोदू देणार नाही म्हणून सांगितलं. निकालाच्या दिवशी बाळूच्या बाजूची मिरवणूक आली आणि कुणीतरी तात्यांच्या उंबऱ्यावर फटाक्यांची माळ लावली. आत आजारी माणूस. दत्ता काठी घेऊन बाहेर आला, त्याच्या समोर नेमका बाळू. माळ त्यानं लावली नव्हती, पण डोकं त्याचं फुटलं. आठ टाके पडले. त्या दिवसापासून विरजणाची वाटी बंद झाली. माई दूध डेअरीतून दह्याची पिशवी आणायला लागल्या. "त्येचं दही लागतं," मला म्हणाल्या, "पर त्येला चव न्हाय."

संक्रांतीनंतर काही दिवसांनी, एका पहाटे तात्या गेले.

मी सकाळीच पोचले. माणसं पुष्कळ जमली होती, गल्लीच्या दोन्ही कडांची, पण एका कडेची दारात आणि दुसऱ्या कडेची आपापल्या ओट्यावर. शेवंताकाकूंचं दार बंद होतं. रशीदभाईंनी तिरडीला खांदा दिला. गल्लीतून प्रेत जाताना समोरच्या ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली, कुणी टोपी काढली, पण खाली कुणी उतरलं नाही. मी बायकांत माईंजवळ बसून राहिले. बारा वाजता माणसं परतली. आंघोळी झाल्या. मग मी दाराबाहेर जाऊन नकळत वर बघायला लागले, तात्यांच्या घराच्या धुराड्याकडे. धूर निघतो की काय, माझं सगळं लक्ष तिथं होतं.

धूर निघाला नाही. त्याऐवजी टेम्पो आला. दत्ताच्या बाजूच्या नव्या नगरसेवकानं जेवणाचे डबे पाठवले होते. केटररकडची पुरीभाजी, प्लास्टिकच्या डब्यांत, प्रत्येक झाकणावर त्याच्या फोटोचं स्टिकर. हात जोडलेला, हसणारा फोटो. पोरांनी खाल्लं, पाहुण्यांनी खाल्लं. माईंच्या पुढ्यात एक डबा ठेवला होता. त्यांनी झाकणावरच्या फोटोकडे बघितलं आणि डबा पदरानं बाजूला सारला. "मला नगं." सुनेनं आग्रह केला, मी केला. त्या भिंतीला टेकून दाराबाहेर बघत होत्या. दारासमोर सात पावलांवर दुसरं दार.

मी उठून बाहेर आले तेव्हा ते दार बोटभर उघडं होतं. आत शेवंताकाकू उभ्या होत्या. हातात पदरानं धरलेलं पातेलं, त्यावर भाकरीचं फडकं. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. मी गल्ली ओलांडून गेले.

"सकाळच्यानं करून ठिवलंय गं," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता, ज्या आवाजाला शेळ्याही भ्यायच्या. "बाळूनं गळ्याची आण घातलीया. त्या उंबऱ्याला पाय लावशील तर माजं मेलं तोंड बगशील म्हनला. येकुलता हाय गं. कशी जाऊ?"

मी हात पुढे केले. पातेलं कोमट होतं. मी ते घेऊन परत फिरले. ओट्यांवरची माणसं बघत होती, दत्ता बघत होता. मी माईंच्या पुढ्यात बसले, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. कुणाकडचं ते सांगितलं नाही. त्यांनी तो तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या.

"लसूण करपलाय," त्या म्हणाल्या. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या. रडत रडत अर्धी भाकरी खाल्ली. मग तोंड पुसून मला विचारलं, "ती का न्हाय आली? आमच्या मानसाच्या मयताला तिला सात पावलं जड झाली?"

बाळूची आण मी सांगू शकले असते. पण आणेच्या आधी फटाके होते, फटाक्यांच्या आधी झेंडे होते, आणि झेंड्यांच्या आधी एसीच्या खोलीत बसलेली मी होते. "माई," मी म्हटलं, "ती रेघ मी ओढली. न बघता ओढली. आणि सुनावणीत खोटं बोलले. तात्यांना ठाऊक होतं."

माई माझ्याकडे बघत राहिल्या. "त्येंनी मला सांगितलं न्हाय," एवढंच म्हणाल्या. रागावल्या की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मी पातेलं धुवायला उचललं तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दी ते हितं. तू नगं निऊस. तिला म्हनावं, तुजं भांडं हाय, तुजं तू न्ह्यायला ये."

मी निरोप पोचवला. शेवंताकाकूंनी ऐकला आणि दार लावून घेतलं.

याला आता बरेच महिने झाले. पाइपलाइन एकाच कडेला आली आहे. टाचण्यांची डबी आणि रीळ माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी दर शनिवारी सुटीच्या दिवशी माईंकडे जाते. त्या चहा करतात, त्यात दूध डेअरीचं असतं. चहा पिताना माझी नजर फळीवर जाते. शेवंताकाकूंचं पातेलं तिथं पालथं ठेवलेलं आहे. माई ते रोज पुसतात, त्यावर धूळ बसू देत नाहीत.

निघताना मी दारातून समोरच्या दारापर्यंत चालत जाते, कडी वाजवते, आणि दार उघडलं नाही की परत येते. सात पावलं जायला, सात यायला. पाहणी केली आहे.